अँडोव्हरचे विद्यार्थी आणि त्यांच्या सहधर्मचारिणी

सन १८११ च्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, वूस्टर या गावी, एका नव्या मंडळाची सभा भरली. परदेशांत ख्रिस्ती धर्मप्रसारक पाठविण्यासाठी स्थापन झालेले हे अमेरिकन बोर्ड तेव्हा जेमतेम सव्वा वर्षाचे होते. हाती पैसा थोडा, अनुभव मुळीच नाही आणि दारात मात्र चार उतावळे विद्यार्थी उभे, अशी त्याची अवस्था होती. या सभेने वेतनाविषयी जो ठराव केला तो लहानसाच आहे. पण मला तो मोठा बोलका वाटतो. अविवाहित मिशनऱ्यास सालीना सुमारे ४४४ डॉलर आणि विवाहितास सुमारे ६६६ डॉलर द्यावे असे ठरले. म्हणजे ज्या स्त्रिया अजून कोणाच्या पत्नी झालेल्याही नव्हत्या, त्यांचा हिशोब मंडळाच्या वहीत आधीच मांडला गेला होता. ब्रह्मचाऱ्याच्या वेतनाचा निम्मा भाग, हे सहधर्मचारिणीचे मोल.

हे चार विद्यार्थी अँडोव्हर येथील धर्मविद्यालयाचे होते. ही सेमिनरी १८०८ साली उघडली. त्यापूर्वी न्यू इंग्लंडमध्ये पाद्री होऊ इच्छिणारा तरुण एखाद्या वडीलधाऱ्या धर्मोपदेशकाच्या घरी राहून, आपल्याकडच्या गुरुगृहवासासारख्या पद्धतीने, विद्या संपादन करी. महाविद्यालयाची पदवी घेतलेल्या तरुणांनी एकत्र राहून तीन वर्षे केवळ धर्मशास्त्राचे अध्ययन करावे, ही कल्पना तिकडे नवीनच होती. लेनर्ड वुड्स तत्त्वसिद्धान्त शिकवीत. १८१० पासून मोझेस स्ट्युअर्ट यांनी मूळ हिब्रू व ग्रीक ग्रंथांच्या अभ्यासाला जोर आणला. दिनक्रम कडक, राहणी साधी आणि आत्मपरीक्षणाचा सोस इतका की, आपल्या मनाची रोजची चढउतार दैनंदिनीत नोंदवून ठेवावी असा तिथला रिवाज. विद्यालय पुरुषांचे होते. पुढे ज्या स्त्रिया या विद्यार्थ्यांबरोबर अर्धी पृथ्वी ओलांडून जाणार होत्या, त्यांना तिथल्या बाकावर जागा नव्हती.

या विद्यार्थ्यांत एक लहानसा गुप्त संघ होता. त्याचा उगम विल्यम्स महाविद्यालयात. १८०६ च्या उन्हाळ्यात सॅम्युएल मिल्स आणि त्याचे सोबती वादळात सापडून गवताच्या गंजीआड बसले असता परदेशी धर्मप्रसाराची कल्पना त्यांच्या मनात दृढ झाली, ही कथा अमेरिकेत फार प्रसिद्ध आहे. दोन वर्षांनी त्यांनी बंधुसंघ स्थापन केला. त्याची घटना सांकेतिक लिपीत लिहिलेली होती, कारण असला बेत उघड झाला तर लोक वेड्यात काढतील अशी त्यांना धास्ती होती. या घटनेत एक अट होती: सभासदाने अशा कोणत्याही बंधनात गुंतू नये की ज्यामुळे परदेशगमनाला अडथळा येईल. बंधन म्हणजे काय हे स्पष्ट करण्याची गरज नव्हती. वीस-बावीस वर्षांच्या मुलाला अडकविणारे बंधन बहुधा एकच असते.

आणि इथेच त्या तरुणांची मोठी अडचण होती. बंधन नको, पण पत्नी हवी. मंडळातील वृद्ध धर्मोपदेशकांचे मत असे की एकट्या तरुणास दूरदेशी पाठविणे धोक्याचे. याला कारण होते. लंडन मिशनरी सोसायटीने १७९७ साली पॅसिफिकमधील बेटांवर जी पहिली तुकडी उतरविली तीत बहुसंख्य पुरुष अविवाहित होते. त्यांपैकी जॉर्ज व्हेसन नावाचा तरुण टोंगा बेटावर मिशन सोडून तिथल्या लोकांत मिसळून गेला, तिथल्याच स्त्रियांशी संसार थाटून राहिला आणि पुढे इंग्लंडला परतल्यावर त्याने हे सर्व छापूनही काढले. असल्या वार्ता बॉस्टनच्या भाविक मंडळींपर्यंत पोहोचल्याशिवाय कशा राहतील? तेव्हा पत्नी ही मिशनऱ्याची सोबतीण खरी, पण मंडळाच्या दृष्टीने ती त्याच्या शीलाची जामीनदारही होती.

आता प्रश्न असा की, ज्या प्रवासाहून परत येण्याची आशा नाही त्या प्रवासाला निघण्यासाठी मुलगी मिळावी कशी? सुशिक्षित, भाविक, निरोगी, कष्टाळू. आणि आईबापांना जन्मभरासाठी अंतरण्यास तयार. शिवाय अवधी थोडा.

ॲडोनायरम जडसन हा या चौघांतला सर्वांत बुद्धिमान आणि सर्वांत हट्टी. १७८८ साली पाद्र्याच्या घरी जन्मला, ब्राऊन महाविद्यालयात पहिला आला, मध्यंतरी नास्तिक झाला आणि मग अँडोव्हरला येऊन आस्तिकांच्या पुढे धावू लागला. कलकत्त्यास राहून गेलेले क्लॉडियस ब्युकॅनन यांचे पूर्वेकडील देशांविषयीचे प्रवचन त्याने १८०९ साली वाचले, मायकेल साइम्सने लिहिलेला ब्रह्मदेशच्या वकिलातीचा वृत्तान्त वाचला, आणि त्याचे चित्त अभ्यासावरून उडाले. आपल्या देशाविषयीचे या विद्यार्थ्यांचे ज्ञान हे एवढेच: दोन-चार पुस्तके आणि एक प्रवचन. ज्यांना ते अंधारातले लोक म्हणत होते त्यांच्यापैकी एकालाही त्यांनी पाहिले नव्हते. त्याच सुमारास पुण्यात दुसरा बाजीराव दक्षिणा वाटीत होता आणि एल्फिन्स्टन रेसिडेन्सीत बसून दरबाराच्या बातम्या टिपीत होता. हे जग अँडोव्हरच्या अभ्यासक्रमात कुठेच नव्हते.

जून १८१० मध्ये ब्रॅडफर्ड गावी धर्मोपदेशकांची वार्षिक परिषद भरली. विद्यार्थ्यांनी तिच्यापुढे अर्ज ठेवला. खाली सह्या चारच: जडसन, सॅम्युएल नॉट, मिल्स आणि सॅम्युएल न्यूवेल. आणखी दोन नावे होती, पण इतके सारे खर्चाचे धनी एकदम पाहून वडीलमंडळी बिचकतील म्हणून ती खोडण्यात आली. या अर्जातूनच अमेरिकन बोर्ड निघाले. त्या दिवसांत काही पाहुण्यांचे जेवण जॉन हॅसेल्टाइन या गृहस्थांकडे होते आणि वाढायला त्यांची धाकटी मुलगी ॲन होती. परिषदेत धिटाईने बोललेला तो तरुण जडसन मान खाली घालून, मुकाट्याने, पानावर बसला होता. तिला वाटले, किती हा अबोल माणूस! चरित्रकार सांगतात की तो त्या वेळी मनातल्या मनात तिच्यावरच कविता रचीत होता. खरे-खोटे त्यालाच ठाऊक. पण महिन्याभरातच त्याने तिला पत्र लिहून आपला मनोदय कळविला, हे मात्र खरे.

त्यानंतर जडसनने ॲनच्या वडिलांना लिहिलेले पत्र मागणीच्या पत्रांत बहुधा एकमेव म्हणावे लागेल. वधूपित्याला खूष करण्याची रीत सर्व देशांत सारखीच आहे. आपले कुल, आपली मिळकत, आपला स्वभाव यांचे गुणगान करायचे. जडसनने याच्या उलट केले. येत्या वसंतात मुलीला निरोप द्यायला आणि या जगात तिचे मुख पुन्हा न पाहायला तुम्ही तयार आहात काय, असे त्याने सरळ विचारले. समुद्रावरचे धोके, हिंदुस्थानची जीवघेणी हवा, दारिद्र्य, अपमान, छळ, कदाचित हालहाल होऊन येणारा मृत्यू, असा पाढाच त्याने वाचला. या पत्रात अतिशयोक्ती होती असे तेव्हा पुष्कळांना वाटले असेल. पुढील सोळा वर्षांचा इतिहास पाहता ती नव्हती.

हॅसेल्टाइन यांनी निर्णय मुलीवर सोपविला. सन १८१० मधील पित्याच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे. ॲन वीस वर्षांची होती, ब्रॅडफर्डच्या शाळेत शिकलेली, स्वतः शाळेत शिकविणारी. अमेरिकेतून अशा कामासाठी एकही स्त्री पूर्वी परदेशी गेलेली नव्हती. गावात चर्चेला ऊत आला. माझी मुलगी असे म्हणाली असती तर तिला पलंगाच्या खुराला बांधून ठेवले असते, असे एक सद्गृहस्थ म्हणाल्याचे सांगतात. ॲनने काही आठवडे झुंज घेतली ती मुख्यतः स्वतःशी. आपण जाणार ते एका माणसाच्या प्रेमाखातर की कर्तव्य म्हणून, हे तिला पारखून पाहायचे होते. आणि मैत्रिणीला निर्णय कळविताना तिने हा भेद आवर्जून लिहिला. मला वाटते, सेमिनरीच्या तीन वर्षांत मुलांना आत्मपरीक्षणाचे जे शिक्षण मिळत होते ते या मुलीने घरी बसून, मार्गदर्शकाविना, पुरे केले.

तिची मैत्रीण हॅरिएट ॲटवूड तिच्याहून चार वर्षांनी लहान. मेरिमॅक नदीच्या पलीकडे हेव्हरिल गावी राहणारी, प्रकृतीने नाजूक. वडील १८०८ मध्ये क्षयाने वारले. आई नऊ मुलांना घेऊन मागे राहिली. ॲनचा बेत ऐकून ही मुलगी प्रथम थक्क झाली आणि मग काही दिवसांतच तिची न्यूवेलशी ओळख झाली. १८११ च्या वसंतात त्याचे मागणीचे पत्र आले तेव्हा ती सतरा वर्षांची होती. आई नाही म्हणेल, म्हणजे प्रश्नच मिटेल, अशी तिला आतून आशा होती असे तिच्या दैनंदिनीवरून दिसते. पण आईने डोळ्यांत पाणी आणून एवढेच सांगितले की, याला विरोध करण्याचे धैर्य मला होत नाही. मग मुलीला निसटायला वाटच उरली नाही. ही संमती की शरणागती, हे मी सांगू शकत नाही. त्या दैनंदिनीत दोन्ही आहेत.

मधल्या काळात विद्यार्थ्यांची तयारी चालू होती. जडसनला मंडळाने इंग्लंडला पाठविले. वाटेत फ्रेंच खाजगी लढाऊ जहाजाने त्याला पकडले आणि तो काही काळ फ्रान्समध्ये कैदेत पडला. न्यूवेल आणि गॉर्डन हॉल हे फिलाडेल्फियाला जाऊन थोडे वैद्यक शिकले. मराठी, बंगाली किंवा ब्रह्मी भाषेचा एक शब्दही कोणी शिकला नाही, कारण शिकविणारा तिथे कोण होता? ग्रीक आणि हिब्रू पक्के करून ही मंडळी ज्या लोकांत जाणार होती त्यांच्या भाषांचा श्रीगणेशा त्यांना जहाजातून उतरल्यावरच गिरवायचा होता.

१८१२ च्या जानेवारीत जहाजे लवकरच सुटणार अशी बातमी आली आणि एकच धावपळ उडाली. इंग्लंड-अमेरिका युद्धाची चिन्हे दिसत होती. ही संधी गेली तर पुन्हा कधी मिळेल याचा नेम नव्हता. मंडळाकडे पुरेसे पैसे नव्हते, पण तीन आठवड्यांत सहा हजारांहून अधिक डॉलर जमा झाले. ५ फेब्रुवारीस ब्रॅडफर्डला जडसन आणि ॲनचे लग्न लागले, ज्या घरात त्यांची प्रथम भेट झाली त्याच घरात. ६ तारखेस कडाक्याच्या थंडीत सेलमच्या टॅबर्नॅकल चर्चमध्ये पाच तरुणांचा दीक्षाविधी झाला. ९ तारखेस न्यूवेल आणि हॅरिएटचे लग्न. नॉटचे लग्न याच आठवड्यात. १९ फेब्रुवारीस जडसन आणि न्यूवेल ही दोन दांपत्ये ‘कॅराव्हॅन’ जहाजाने सेलमहून निघाली. बाकीचे फिलाडेल्फियाहून ‘हार्मनी’ने. विद्यार्थिदशा, गृहस्थाश्रम आणि परदेशगमन ही तीन स्थित्यंतरे अवघ्या पंधरवड्यात आटोपली.

दीक्षा पाचांची आणि लग्ने तिघांची. ल्यूथर राइस आयत्या वेळी या तुकडीत शिरला. स्वतःच्या खर्चाची रक्कम स्वतः गोळा करावी या अटीवर मंडळाने त्याला परवानगी दिली. त्याची वाग्दत्त वधू होती, पण ती यायला तयार झाली नाही. तो एकटाच गेला. इतिहासात ॲनची आणि हॅरिएटची चरित्रे आहेत. जिने नाही म्हटले तिच्याविषयी कोणी पुस्तक लिहिले नाही. पाचवा गॉर्डन हॉल. त्याचे लग्न ठरलेले नव्हते. त्याच्याविषयी पुढे बोलावयाचे आहे, कारण आपल्या महाराष्ट्राशी त्याचाच संबंध सर्वांत दाट आहे.

ॲनच्या लग्नाच्याच दिवशी हेव्हरिलला रेव्हरंड जोनाथन ॲलन यांनी या दोन मुलींना उद्देशून एक प्रवचन केले आणि ते छापले गेले. त्यात त्यांनी सांगितले की, तिकडच्या स्त्रियांपर्यंत तुमच्या पतींना पोहोचता येणार नाही. त्यांना शिकविणे हे तुमचे काम. पत्नीला स्वतःचे असे कार्यक्षेत्र आहे, हे या निमित्ताने प्रथम व्यासपीठावरून बोलले गेले. मात्र त्यासाठी तिची तयारी कोणी करून घेतली नव्हती, आणि मंडळाच्या यादीत अशा स्त्रियांना जे नाव मिळाले ते ‘सहायक मिशनरी’ एवढेच.

चार महिन्यांच्या प्रवासाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. जहाजावर हालचाल नसल्यामुळे सर्वांच्या प्रकृती बिघडू लागल्या. तेव्हा या गंभीर मंडळींनी प्रथम दोरीवरच्या उड्या मारून पाहिल्या आणि त्यांचा कंटाळा आल्यावर चक्क नाच सुरू केला. ज्या पंथात नाच म्हणजे अधःपाताची पहिली पायरी, त्या पंथाचे दीक्षित धर्मोपदेशक आपापल्या नवपरिणीत पत्नींसह जहाजाच्या फळ्यांवर व्यायामासाठी नाचत आहेत, हे दृश्य अँडोव्हरच्या प्राध्यापकांनी पाहिले असते तर काय म्हणाले असते कोण जाणे. आठवड्याची लग्ने होती ती. माझी समजूत अशी आहे की, या जोडप्यांची खरी ओळख जहाजावरच झाली.

याच प्रवासात जडसनने बाप्तिस्म्याविषयी अभ्यास आरंभिला आणि आपल्या पंथाचे मत चुकीचे आहे अशी त्याला शंका येऊ लागली. पंथ बदलायचा म्हणजे मंडळाचा आश्रय तुटणार. ॲनने त्याला स्पष्ट बजावले की, तुम्ही बॅप्टिस्ट झालात तरी मी होणार नाही. मग तिने स्वतः दोन्ही बाजूंचे ग्रंथ वाचले, मूळ वचने ताडून पाहिली आणि ती स्वतःच्या निष्कर्षास आली. ६ सप्टेंबर १८१२ रोजी कलकत्त्यास दोघांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झाला. पतीमागे पत्नी गेली असे कोणी म्हणेल. परंतु ती गेली ती वाद घालून, वाचून, विचार करून गेली, आणि सेमिनरीचे प्रमाणपत्र नसलेल्या या विद्यार्थिनीची ही परीक्षाच होती.

कलकत्त्यास उतरताच ईस्ट इंडिया कंपनीने सर्वांना चालते होण्याचा हुकूम दिला. न्यूवेल दांपत्य मॉरिशसकडे निघाले. वाटेत जहाजावरच हॅरिएटला मुलगी झाली आणि पाच दिवसांत ती गेली. पाठोपाठ हॅरिएटला वडिलांचाच रोग जडला आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तिने मॉरिशसमध्ये देह ठेवला. लग्नाला दहा महिने झाले नव्हते. ज्या कामासाठी निघाली त्यातले एक दिवसाचेही काम तिच्या हातून झाले नाही. परंतु १८१४ मध्ये तिची दैनंदिनी आणि पत्रे प्रसिद्ध झाली, त्यांच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या, न्यू इंग्लंडमध्ये कितीतरी मुलींचे नाव हॅरिएट न्यूवेल ठेवण्यात आले. मंडळाला पुढे पत्नी मिळविणे सोपे गेले ते या पुस्तकामुळे. मेलेल्या मुलीने जिवंत मुलींना बोलावून घेतले, असेच म्हणावे लागते. मला हे वाचताना नेहमी थोडी अस्वस्थता वाटते.

ॲनची कहाणी ब्रह्मदेशाच्या इतिहासाचा भाग आहे. इंग्रज-ब्रह्मी युद्धात, १८२४ ते १८२६ या काळात, जडसन आव्याच्या तुरुंगात बेड्या घालून पडला असता तिने अधिकाऱ्यांची दारे ठोठावून, अन्न पोहोचवून त्याला जगविले. सुटकेनंतर थोड्याच महिन्यांत, २४ ऑक्टोबर १८२६ रोजी, ती स्वतः वारली. वडिलांना लिहिलेल्या त्या पत्राचा प्रत्येक शब्द खरा ठरला.

हॉल आणि नॉट हे ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईस पोहोचले. तिथेही हद्दपारीचा हुकूम, कोचीनपर्यंत पलायन, पुन्हा परत आणणे असे प्रकार झाले. अखेर गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्या सौजन्याने आणि कंपनीच्या नव्या सनदेमुळे त्यांना राहू देण्यात आले. अमेरिकन मराठी मिशनचा हा आरंभ. प्रकृतीच्या कारणाने नॉट दांपत्य १८१५ मध्ये परत गेले. न्यूवेल लंकेहून १८१४ मध्ये मुंबईस आला, १८१८ मध्ये अमेरिकेहून आलेल्या फिलोमेला थर्स्टन हिच्याशी त्याने विवाह केला आणि १८२१ मध्ये पटकीने वारला. त्याच्या विधवेने पुढल्याच वर्षी मिशनचा मुद्रक गॅरेट याच्याशी लग्न केले. असे पुनर्विवाह या मंडळींत वारंवार दिसतात. ते पाहून गिरगावातल्या ब्राह्मणांना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते.

गॉर्डन हॉलने १८१६ साली मुंबईत राहणाऱ्या मार्गारेट लुइस या इंग्रज बाईशी लग्न केले. अँडोव्हरच्या मित्रांनी जे पंधरा दिवसांत उरकले त्याला याने चार वर्षे घेतली, आणि ज्या देशात राहायचे तो देश ठाऊक असलेली सहचारिणी निवडली. हॉलचे मराठी उत्तम झाले. नव्या कराराचे मराठी भाषांतर हे मुख्यतः त्याच्या श्रमाचे फळ. ते १८२६ मध्ये छापून पुरे झाले. मुलांच्या प्रकृतीसाठी पत्नी दोन मुलगे घेऊन १८२५ मध्ये अमेरिकेस निघाली. थोरला मुलगा समुद्रावरच वारला. हॉल एकटा मागे राहिला. १८२६ च्या मार्चमध्ये तो नाशिककडे फिरतीवर गेला असता तिथे पटकीची साथ होती. जवळची औषधे वाटून संपली आणि परतीच्या वाटेवर, दोडी-दापूर या गावी देवळाच्या ओसरीवर मुक्कामास असताना त्याला तोच रोग झाला. २० मार्च रोजी तो गेला. बरोबरच्या दोन मुलांनी खड्डा खणून, पेटीशिवाय, घोंगडीत गुंडाळून त्याला पुरले. समुद्र ओलांडून गेलेल्या पत्नीला ही वार्ता कळायला कित्येक महिने लागले असतील. धाकटा मुलगा तिकडेच वाढला आणि पुढे पाद्री झाला.

अँडोव्हरची लगीनघाई मात्र चालूच राहिली. हवाई बेटांवर जाणारा हायरम बिंगम याची वाग्दत्त वधू आईबापांच्या विरोधामुळे मागे फिरली. २९ सप्टेंबर १८१९ रोजी गोशेन गावी त्याचा दीक्षाविधी झाला; तिथे आलेल्या सिबिल मोझली या शिक्षिकेशी त्याची ओळख झाली आणि ११ ऑक्टोबरला लग्न! २३ ऑक्टोबरला ‘थॅडियस’ जहाज बॉस्टनहून सुटले तेव्हा त्यावरच्या सात जोडप्यांपैकी सहांची लग्ने नुकतीच, काही आठवड्यांत, झालेली होती. आपल्याकडे स्थळ पाहून, पत्रिका जुळवून लग्ने ठरतात म्हणून तिकडे नाके मुरडली जात. पण ही लग्ने तरी दुसऱ्या कशाने जुळत होती? पत्रिकेच्या जागी पाद्र्याची शिफारस, एवढाच फरक.

युरोपात बासेल मिशनने याच्या उलट टोकाचा मार्ग धरला. बासेलच्या सेमिनरीत विद्यार्थ्याने अविवाहित राहावे, परदेशी दोन वर्षे काम करून दाखवावे आणि मग समितीकडे विवाहाची परवानगी मागावी, असे नियम १८३७ मध्ये झाले. वधूही समितीच्या पसंतीची. मंगळूर, धारवाड, हुबळी या भागांत या मिशनचे काम होते, आणि आपला भावी पती कधी नीट पाहिलेलाही नाही अशा तरुणी वधू म्हणून जहाजाने तिकडे येत. अमेरिकन मंडळाचे चिटणीस रूफस अँडरसन यांनी १८३६ साली मिशनऱ्याच्या विवाहाची बाजू निबंध लिहून मांडली; घर हेच उपदेशाचे साधन, असा त्यांचा एकंदर आशय. त्याच सुमारास, १८३७ मध्ये, मेरी लायन यांची माउंट होल्योक ही मुलींची सेमिनरी उघडली. तिच्या विद्यार्थिनी पुढे महाराष्ट्रातही आल्या. निदान आता पत्नीचीही तयारी करून घेतली जाऊ लागली.

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्याच रूपाने आला. इथे धर्मशिक्षण घेणारा तरुण आधीच विवाहित असे, कारण लग्न आठव्या-दहाव्या वर्षी होऊन गेलेले. त्याला पत्नी शोधायची नव्हती. असलेली पत्नी बरोबर येते की नाही, हा सवाल होता. बाबा पदमनजींनी १८५४ मध्ये बेळगावास बाप्तिस्मा घेतला. त्यांची पत्नी त्यांच्याबरोबर गेली नाही. अशा संसारांची संख्या इतकी वाढली की १८६६ मध्ये सरकारला ख्रिस्ती झालेल्यांच्या विवाहविच्छेदाचा स्वतंत्र कायदाच करावा लागला. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. ते पत्नीला न कळविता. बारा वर्षांच्या आतच लग्न होऊन आलेल्या लक्ष्मीबाईंना ना लग्नाच्या वेळी कोणी विचारले होते, ना आता. त्या काही वर्षे दूर राहिल्या, मग पतीकडे आल्या तरी सोवळे सोडले नाही, आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या पायांनी चालत जाऊन निर्णय घेतला. टिळकांना १९०४ मध्ये पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. ॲन जडसनला कोणी तरी आधी विचारले होते, हा फरक मी विसरू शकत नाही. पण लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त जे मोकळे हसू आहे ते हॅरिएटच्या दैनंदिनीत औषधालाही सापडत नाही.

अमेरिकन मिशनने अहमदनगरास, आजच्या अहिल्यानगरास, मुलींची वसतिगृहाची शाळा काढली तिच्या हेतूंपैकी एक हेतू उघडपणे असा होता की, मराठी उपदेशकांना शिकलेल्या पत्नी मिळाव्यात. १८५४ मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक हे या मिशनचे पहिले एतद्देशीय पाळक दीक्षित झाले, आणि १८७८ मध्ये तिथे धर्मविद्यालयही निघाले. म्हणजे ब्रॅडफर्डला योगायोगाने जे जुळले ते इथे योजनेने घडविण्याचा हा प्रयत्न होता.

या साऱ्या हिशोबात न बसणारी एक बाई होती. पत्नी म्हणूनच स्त्रीला पाठवायचे हा नियम, पण मुंबईत १८२४ पासून सुरू झालेल्या मुलींच्या शाळांना पूर्ण वेळ देणारी बाई हवी होती. मिशनऱ्यांच्या पत्नी बाळंतपणे, आजार आणि वैधव्य यांतून सवड काढणार किती? म्हणून १८२७ मध्ये सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका मुंबईस आली. अमेरिकन बोर्डाने हिंदुस्थानात पाठविलेली ही पहिली अविवाहित स्त्री. कोणाचीही सहधर्मचारिणी न होता तिने १८६२ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, काम केले. पहिली दहा वर्षे मुंबईत, आणि मायदेशी एक फेरी करून आल्यावर १८३९ पासून अहमदनगरास. तिथल्या मुलींच्या शाळा १८४८ मध्ये जोतीराव फुले पाहून गेले. भिडे वाड्यातली शाळा त्यांनी पुण्यात सुरू केली ती त्याच सालात.